बोलण्याचा अधिकार आणि उत्तराची जबाबदारी : डॅन गिल्मोर यांच्या ‘वी द मीडिया’ या ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

नव्या माध्यमाविषयी त्याच्या बाल्यावस्थेत लिहिल्या गेलेल्या ग्रंथाचे मूल्यमापन दोन वेळा करावे लागते. ग्रंथ प्रसिद्ध होतो तेव्हा त्यातील निरीक्षणांचे नावीन्य पाहिले जाते. काही काळ लोटल्यावर त्यामागील गृहीतकांची कसोटी घेता येते. अमेरिकन पत्रकार डॅन गिल्मोर यांचा ‘वी द मीडिया’ हा ग्रंथ अशा दुसऱ्या वाचनास पात्र आहे. ओरायली या प्रकाशनसंस्थेने २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. ब्लॉग व तत्सम आंतरजालीय साधनांमुळे उद्योग, राजकारण आणि पत्रकारिता या तिन्ही क्षेत्रांतील जुने सत्तासंबंध कसे बदलत आहेत, हा त्याचा विषय होय. नागरिक-पत्रकारितेच्या चर्चेत या ग्रंथाचा उल्लेख आजही होतो.

ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन थोडक्यात असे सांगता येईल : आजवरची पत्रकारिता व्याख्यानासारखी होती, यापुढे ती संभाषणासारखी होईल. हे प्रतिपादन बऱ्याच अंशी खरे ठरले. बोलणाऱ्यांची संख्या वाढली आणि काय छापावे, काय छापू नये हे ठरविणाऱ्या द्वारपालांचे महत्त्व घटले. मात्र संभाषण वाढले की सत्यशोधनही आपोआप वाढेल, हे त्यामागील गृहीतक टिकले नाही. गिल्मोर यांनी ज्या घटनांच्या आधारे आपला विचार मांडला, त्या घटनांचे यश तीन गोष्टींवर अवलंबून होते : बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत होता, त्याच्या म्हणण्याचा पुरावा सार्वजनिक दप्तरात सापडत होता, आणि झालेली चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणीतरी घेत होते. या तीन गोष्टी जेथे नसतात तेथे तेच तंत्रज्ञान अगदी वेगळी, प्रसंगी भीषण, फळे देते. प्रस्तुत लेखात हे सूत्र ग्रंथातील व ग्रंथानंतरच्या काही घटनांच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रंथकार आणि ग्रंथाची भूमिका

गिल्मोर हे कॅलिफोर्नियातील ‘सान होजे मर्क्युरी न्यूज’ या दैनिकाचे तंत्रज्ञानविषयक स्तंभलेखक होते. रूढ वृत्तपत्रात नोकरी करीत असतानाच ब्लॉग लिहिणाऱ्या आरंभीच्या पत्रकारांत त्यांची गणना होते. सिलिकॉन व्हॅलीतील त्यांचे वाचक म्हणजे अभियंते, उद्योजक, संशोधक. आपण ज्या विषयावर लिहितो त्याविषयी आपल्या वाचकांना एकत्रितपणे आपल्यापेक्षा अधिक माहिती असते, हा अनुभव त्यांना रोज येत होता. अशा अनुभवाने पत्रकार बावरून जाऊ शकतो. गिल्मोर यांनी त्याकडे संधी म्हणून पाहिले. ग्रंथाचा आराखडा आणि काही प्रकरणांचे मसुदे त्यांनी आधीच आंतरजालावर ठेवून वाचकांच्या सूचना मागविल्या आणि प्रकाशनानंतर संपूर्ण ग्रंथ ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध करून दिला. प्रतिपादन आणि आचरण यांतील ही सुसंगती ग्रंथाचे पहिले बलस्थान म्हटली पाहिजे.

बदलाचा परिणाम तीन घटकांवर होत आहे, असे ते सांगतात : बातमी लिहिणारे पत्रकार, ज्यांच्याविषयी बातमी लिहिली जाते ते राजकारणी व उद्योगपती, आणि कालपर्यंत केवळ वाचक वा प्रेक्षक असलेला समुदाय. तिसरा घटक आता लेखणी हाती घेऊन पहिल्या दोघांच्या कामात सहभागी झाला आहे. या परंपरेचा आरंभ ते अठराव्या शतकातील टॉमस पेन यांच्या पुस्तिकांपर्यंत नेतात.

मराठी वाचकाला येथे एक वेगळा पूर्वज आठवेल. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने शतपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. लेखक गोपाळ हरी देशमुख हे सरकारी सेवेत होते. व्यवसायाने पत्रकार नसलेला एक नागरिक स्वतःच्या समाजातील प्रतिष्ठितांना खडे बोल सुनावतो, हे गिल्मोर यांच्या व्याख्येत सहज बसणारे उदाहरण आहे. मात्र त्यात एक महत्त्वाचा विशेष आहे. लेखक टोपणनावामागे होता, पण मजकूर बेवारस नव्हता. ‘प्रभाकर’चे संपादक कोण आणि आक्षेप कोणाकडे पाठवायचा, हे वाचकाला ठाऊक होते. लेखकाला मिळालेले आवरण आणि वाचकाला मिळालेली उत्तराची हमी या दोन्ही गोष्टी संपादक नावाच्या एकाच व्यक्तीमुळे शक्य झाल्या. गिल्मोर यांच्या ग्रंथात संपादकाच्या या दुहेरी कार्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पुढील विवेचनात हा मुद्दा वारंवार येईल.

उद्योगक्षेत्र : दप्तर आणि ग्राहक

ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग मार्च २००२ मधील आहे. ॲरिझोनात भरलेल्या एका तंत्रज्ञान-परिषदेत क्वेस्ट या दूरसंचार कंपनीचे प्रमुख जोसेफ नॅचिओ भांडवल उभारण्यातील अडचणींविषयी व्यासपीठावरून तक्रार करीत होते. गिल्मोर सभागृहात बसून त्याच वेळी ब्लॉगवर वृत्तांत लिहीत होते. तो वाचून फ्लोरिडातील एका वकिलाने त्यांना एक दुवा पाठविला. कंपनीच्या समभागांची किंमत घसरत असताना नॅचिओ यांनी स्वतःचे २० कोटी डॉलरहून अधिक किमतीचे समभाग विकल्याची नोंद त्यात होती. गिल्मोर यांनी ती लगेच ब्लॉगवर टाकली. सभागृहातील अनेकांनी आपल्या संगणकावर ती वाचली आणि वक्त्याविषयीची सहानुभूती पाहता पाहता ओसरली. पुढे एप्रिल २००७ मध्ये नॅचिओ हे अंतर्गत माहितीच्या आधारे समभाग विकल्याच्या १९ आरोपांत दोषी ठरले.

गिल्मोर या प्रसंगातून संभाषणाचे सामर्थ्य सिद्ध करतात. प्रसंगाचे विश्लेषण केल्यास आणखी एक गोष्ट दिसते. वकिलाने पाठविलेली माहिती गुप्त नव्हती. कंपनीच्या अधिकाऱ्याने स्वतःचे समभाग विकल्यास त्याची नोंद सरकारी नियामकाकडे करणे अमेरिकन कायद्याने बंधनकारक आहे आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. ब्लॉगने नवी माहिती निर्माण केली नाही; कोपऱ्यात पडलेले सार्वजनिक दप्तर योग्य क्षणी सभेपुढे आणले. असे दप्तरच ज्या समाजात उपलब्ध नाही, तेथे हा वकील केवळ एक शंका पाठवू शकला असता.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरची दोन उदाहरणे या संदर्भात उद्बोधक आहेत. सप्टेंबर २००४ मध्ये क्रिप्टोनाइट कंपनीचे सायकलचे महागडे कुलूप साध्या बॉलपेनच्या नळीने उघडते, हे एका सायकलस्वाराने चित्रफितीद्वारे दाखविले. पाहणाऱ्याला तो प्रयोग घरी करता येत होता आणि कंपनीला अखेर कुलपे बदलून द्यावी लागली. जून २००५ मध्ये जेफ जार्व्हिस यांनी डेल कंपनीच्या संगणकाविषयी व ग्राहकसेवेविषयी आपल्या ब्लॉगवर तक्रारींची मालिका लिहिली. इतर असंतुष्ट ग्राहक तीत सामील झाले. डेलने जुलै २००६ मध्ये स्वतःचा ब्लॉग सुरू करून ग्राहकांशी बोलण्यास आरंभ केला. ग्राहक आणि कंपनी यांतील अंतर कमी झाले, हे गिल्मोर यांचे भाकीत येथे खरे ठरते. तथापि जार्व्हिस हे स्वतः नामवंत पत्रकार होते. त्यांच्या तक्रारीमागे अनेक वर्षांत मिळविलेली ओळख उभी होती. तीच तक्रार अनोळखी ग्राहकाने केली असती तर ती किती काळ दुर्लक्षित राहिली असती, हा प्रश्न उरतोच. सर्वांना बोलता येणे आणि सर्वांचे ऐकले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथात त्यांची वारंवार गल्लत होते.

राजकारण : चिकाटी, वर्गणी आणि मते

राजकारणाच्या विवेचनातील ठळक उदाहरण सिनेटर ट्रेंट लॉट यांचे आहे. ५ डिसेंबर २००२ रोजी स्ट्रॉम थरमंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या समारंभात लॉट यांनी थरमंड यांच्या १९४८ मधील अध्यक्षपदाच्या उमेदवारीचे कौतुक केले. ती उमेदवारी वांशिक विभक्ततेच्या समर्थनार्थ होती. समारंभाला पत्रकार उपस्थित होते आणि भाषण दूरचित्रवाणीवर दाखविले गेले होते. तरीही बहुसंख्य मोठ्या वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी आरंभीचे काही दिवस त्याची विशेष दखल घेतली नाही. जोश मार्शल यांच्यासारख्या ब्लॉगलेखकांनी मात्र विषय सोडला नाही. त्यांनी लॉट यांच्या पूर्वीच्या भूमिकांचे दाखले शोधून काढले. अखेर २० डिसेंबर रोजी लॉट यांना सिनेटमधील नेतेपद सोडावे लागले.

येथेही भाषणाची ध्वनिचित्रफीत उपलब्ध होती आणि जुन्या भूमिकांची लेखी नोंद होती. भर पडली ती चिकाटीची. दैनिकाच्या दृष्टीने काल घडलेली गोष्ट आज शिळी असते. ब्लॉगलेखकावर अशी मर्यादा नव्हती. वृत्ताचे आयुष्य वाढविणे हे ब्लॉगचे खरे योगदान होय, आणि गिल्मोर यांनी ते अचूक हेरले आहे.

हॉवर्ड डीन यांच्या प्रचाराविषयीचे विवेचन तुलनेने भाबडे वाटते. २००३ मध्ये डीन यांनी ब्लॉग आणि ‘मीटअप’ या संकेतस्थळाच्या साहाय्याने अमेरिकाभर कार्यकर्ते जमविले व छोट्या छोट्या वर्गण्यांतून मोठा निधी उभारला. परंतु १९ जानेवारी २००४ रोजी आयोवा राज्यातील पहिल्याच लढतीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि पुढील महिन्यात त्यांनी माघार घेतली. पराभवाने त्या तंत्राचे मोल नष्ट होत नाही; बराक ओबामा यांच्या २००८ मधील प्रचारात हीच साधने अधिक शिस्तीने वापरली गेली. मात्र एकमेकांशी उत्साहाने बोलणारा समुदाय म्हणजेच मतदार, असा समज करून घेणे किती धोक्याचे आहे, हे या पराभवाने दाखविले. समविचारी मंडळींच्या परस्परसंवादालाच लोकमत समजण्याची ही चूक पुढे जगभरातील राजकीय पक्षांनी आणि पत्रकारांनीही केली.

पत्रकारिता : संपादकाचे विस्मरण

दक्षिण कोरियातील ‘ओमायन्यूज’ या संकेतस्थळाचा प्रयोग ग्रंथात आदराने मांडला आहे. ओ योन-हो यांनी फेब्रुवारी २००० मध्ये ७२७ नागरिक-वार्ताहरांसह तो सुरू केला. डिसेंबर २००२ च्या निवडणुकीत रो मू-ह्युन विजयी झाले, त्यात तरुण मतदारांचा आणि या संकेतस्थळाचा वाटा मोठा मानला गेला. अध्यक्षपदी निवडून आल्यावर रो यांनी पहिली मुलाखत प्रस्थापित दैनिकांऐवजी ‘ओमायन्यूज’ला दिली.

प्रत्येक नागरिक वार्ताहर होऊ शकतो, हे या संकेतस्थळाचे ब्रीद. मात्र वार्ताहर म्हणून नोंदणी करणाऱ्याला आपली खरी ओळख द्यावी लागे आणि आलेला मजकूर पगारी संपादक तपासत, हा तपशील तितकाच महत्त्वाचा आहे. लेखनाचे दार सर्वांना खुले होते, प्रसिद्धीच्या दारात संपादक बसलेला होता. जपानमध्ये २००६ मध्ये काढलेली याच संकेतस्थळाची आवृत्ती काही वर्षांतच बंद पडली. केवळ तंत्रज्ञान आणि नाव नेल्याने प्रयोग रुजत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

ग्रंथप्रकाशनानंतर लगेचच, ८ सप्टेंबर २००४ रोजी, सीबीएस वाहिनीने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेविषयीची काही कागदपत्रे प्रसारित केली. १९७० च्या दशकातील म्हणून दाखविलेल्या कागदांवरील अक्षरवळण आधुनिक संगणकीय वाटते, असा आक्षेप काही तासांतच आंतरजालावर घेतला गेला. कागदपत्रांची सत्यता सिद्ध करता येत नाही, अशी कबुली वाहिनीला २० सप्टेंबर रोजी द्यावी लागली. चौकशी समितीचा अहवाल जानेवारी २००५ मध्ये आला. वाहिनीतील चौघांवर कारवाई झाली आणि मार्चमध्ये डॅन रॅदर वृत्तनिवेदकाच्या आसनावरून पायउतार झाले. पहिला आक्षेप टोपणनावाने आणि राजकीय हेतूने घेतला गेला होता, तरी त्याची तपासणी कोणालाही करता येत होती, म्हणून तो टिकला. दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे : सीबीएसला चूक मान्य करावी लागली, समिती नेमावी लागली, माणसांना पदे सोडावी लागली. जाब विचारण्यासाठी एक दार होते. त्याच निवडणुकीच्या काळात आंतरजालावर फिरलेल्या असंख्य खोट्या मजकुरांचा जाब विचारायचा, तर कोणाकडे?

गिल्मोर यांचा स्वतःचा अनुभवही याच दिशेने जातो. २००४ च्या अखेरीस दैनिकातील नोकरी सोडून त्यांनी सान फ्रान्सिस्को परिसरातील नागरिकांच्या लेखनासाठी ‘बेओस्फिअर’ हे संकेतस्थळ काढले. जानेवारी २००६ मध्ये त्याचे अपयश त्यांनी जाहीरपणे मान्य केले. नागरिकांना केवळ जागा देऊन भागत नाही, त्यांना दिशा, चौकट आणि प्रत्यक्ष साहाय्य लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्या शब्दांत, त्यांना संपादक लागतो. आपल्या प्रयोगाचे अपयश इतक्या मोकळेपणाने लिहिणाऱ्या ग्रंथकाराविषयी आदरच वाटतो. पण ग्रंथातील उणीव या कबुलीने अधिक स्पष्ट होते.

भारतीय कसोटी

अमेरिकेतील ग्रंथाचा विचार भारतीय परिस्थितीत कितपत लागू पडतो, हे पाहण्यासाठी उच्च शिक्षणाशीच निगडित असलेले एक प्रकरण उपयुक्त ठरते. मुंबईहून निघणाऱ्या ‘जॅम’ या युवकांच्या नियतकालिकाने २००५ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट’ म्हणजेच आयआयपीएम या व्यवस्थापनसंस्थेच्या जाहिरातींतील दाव्यांची तपासणी करणारा लेख छापला. रश्मी बन्सल त्याच्या संपादक होत्या. आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्या गौरव सबनीस यांनी आपल्या ब्लॉगवर त्या लेखाचा दुवा दिला व स्वतःचे मत नोंदविले. संस्थेने त्यांना मजकूर काढून टाकण्याची नोटीस पाठविली. ती संस्था आयबीएमची ग्राहकही होती. मजकूर काढायचा नाही आणि नोकरी देणाऱ्या कंपनीला अडचणीतही आणायचे नाही, अशा भूमिकेतून सबनीस यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये राजीनामा दिला.

ज्या वृत्तपत्रांतून या संस्थेच्या मोठमोठ्या जाहिराती येत असत, त्यांच्याकडून अशा तपासणीची फारशी अपेक्षा करता येत नव्हती. एक छोटे नियतकालिक आणि काही ब्लॉगलेखक यांनी ते काम केले. येथपर्यंत गिल्मोर यांचा सिद्धान्त शब्दशः खरा ठरतो. परंतु त्याच सुमारास बन्सल व सबनीस यांची हीन पातळीवर निंदा करणारे निनावी ब्लॉगही अवतरले. साधन तेच, लेखनाची सोय तीच. एका बाजूला नाव, पुरावा आणि नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी. दुसऱ्या बाजूला यांपैकी काहीच नाही.

पुढील घटनाक्रम अधिक विचारात पाडणारा आहे. २०११ मध्ये ‘कॅरॅव्हॅन’ मासिकाने या संस्थेच्या प्रमुखांवर सिद्धार्थ देब यांचा दीर्घ लेख छापला. त्यावर आसाममधील सिलचर येथील न्यायालयात दावा दाखल झाला आणि मनाई हुकूम मिळाला. देब यांच्या ग्रंथाची भारतीय आवृत्ती ते प्रकरण वगळून प्रसिद्ध करावी लागली. हा मनाई हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाने उठविला तो २०१८ मध्ये. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाल्हेर येथील न्यायालयाच्या आदेशावरून दूरसंचार विभागाने संस्थेविषयीची ७३ आंतरजालीय पाने बंद करण्यास सांगितले. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वतः प्रसिद्ध केलेली सूचनाही त्यांत होती. विद्यार्थ्यांना सावध करणारे सरकारी दप्तरच सरकारी आदेशाने झाकले गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निर्णय देताना या संस्थेला एमबीए, बीबीए, बिझनेस स्कूल अशा संज्ञा वापरण्यास मनाई केली.

‘जॅम’मधील लेख आणि हा निर्णय यांमध्ये नऊ वर्षे गेली. या नऊ वर्षांत जाहिरात पाहून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ब्लॉगने काय साधले, हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकाला टाळता येणार नाही. ब्लॉगने प्रश्न जिवंत ठेवला, हे त्याचे श्रेय. निर्णय मात्र न्यायालयाकडूनच यावा लागला. गिल्मोर यांनी कायद्याच्या अडथळ्यांवर स्वतंत्रपणे लिहिले आहे. परंतु ज्या देशात दूरच्या गावी दावा लावून लेखकाला वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावता येतात, तेथे एकट्या नागरिक-पत्रकाराची स्थिती किती दुबळी असते, याची कल्पना त्यांच्या विवेचनातून येत नाही. वृत्तपत्राच्या वार्ताहरामागे निदान संस्थेचा वकील असतो.

राज्यसत्तेच्या बाबतीतही हेच दिसते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघर येथील दोन तरुणींना अटक झाली. एकीचा अपराध केवळ ते मत पसंत केल्याचा होता. या घटनेनंतर श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्द केले. बोलण्याची सोय तंत्रज्ञानाने दिली. बोलण्याचे संरक्षण राज्यघटनेने आणि न्यायालयाने दिले.

पत्ता नसलेला मजकूर

ग्रंथाची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या काळाने घातलेली आहे. फेसबुक २००४ च्या फेब्रुवारीत विद्यार्थ्यांपुरते सुरू झाले होते. यूट्यूब २००५ मध्ये आणि ट्विटर २००६ मध्ये आले. गिल्मोर यांच्यासमोर ब्लॉग होता, आणि ब्लॉगचे एक वैशिष्ट्य त्यांना इतके स्वाभाविक वाटले की, त्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज भासली नाही. ब्लॉगवरील प्रत्येक टिपणाला स्वतःचा कायम पत्ता असतो. त्यावर तारीख असते, लेखकाचे नाव वा निदान नित्याचे टोपणनाव असते, आधाराचा दुवा असतो आणि खाली प्रतिप्रश्नास जागा असते. वाचक उद्या परत येऊन तोच मजकूर पाहू शकतो. लेखकाने तो बदलला तर पकडू शकतो.

पुढील काळात संभाषण ज्या माध्यमांकडे गेले, त्यांत हा पत्ता पुसट होत गेला. मोठ्या समाजमाध्यमांवर कोणता मजकूर कोणाला दिसावा हे यंत्रणेची गणिते ठरवू लागली. द्वारपाल नाहीसा झाला असे नाही. तो दिसेनासा झाला. दैनिकाच्या संपादकाला निदान पत्र लिहिता येत होते. व्हॉट्सॲपवर पुढे पाठविल्या जाणाऱ्या संदेशाला तर लेखक, तारीख, स्थळ, आधार यांपैकी काहीच नसते. तो ओळखीच्या माणसाकडून येतो, एवढाच त्याचा पुरावा.

याचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ही माणसे होती. अशा अफवा त्या काळात समाजमाध्यमांवरील संदेशांतून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. मर्यादेने वेग कमी होईल. पण तो संदेश कोणी लिहिला, कशावरून लिहिला, हे विचारण्याचे दार त्यामुळे उघडत नाही.

गिल्मोर यांना या धोक्याची जाणीव अजिबात नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. खोटी ओळख, खोडसाळपणा आणि हेतुपुरस्सर अपप्रचार यांवर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. मात्र समुदाय आपली चूक आपणच दुरुस्त करील, या विश्वासावर ते प्रकरण विसावते. राईनपाड्यात दुरुस्ती पोहोचण्यापूर्वी पाच माणसे मारली गेली होती. दुरुस्तीला वेळ लागतो आणि ज्यांच्याविषयी खोटे बोलले जाते त्यांच्यापाशी तो वेळ असेलच असे नाही, ही गोष्ट या सिद्धान्तात बसत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी बोलले गेले ती माणसे त्या संभाषणात मुळी नव्हतीच.

समारोप

‘वी द मीडिया’ हा ग्रंथ कालबाह्य ठरला, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. वाचकाला सन्मानाने वागविणारी, स्वतःचे अज्ञान मान्य करणारी पत्रकारिता त्याने प्रतिपादिली, आणि ते प्रतिपादन आजही ताजे आहे. उद्योगाला ग्राहकाशी बोलावे लागले, राजकारण्याला जुने शब्द टाळता येईनासे झाले, वृत्तसंस्थांना चुका कबूल कराव्या लागल्या. हे बदल खरे आहेत. मात्र या प्रत्येक ठिकाणी खुले दप्तर, ओळख असलेला लेखक आणि चुकीची जबाबदारी घेणारी संस्था यांपैकी किमान एक गोष्ट, आणि बहुधा एकाहून अधिक, हजर होती. ग्रंथाने श्रेय संभाषणाला दिले. त्यातील मोठा वाटा या तिघांचा होता.

गिल्मोर यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या ‘मीडिॲक्टिव्ह’ या पुढील ग्रंथात भर बदललेला दिसतो. तेथे ते वाचकालाच साशंक राहण्यास, विवेक वापरण्यास, स्वतःच्या मताविरुद्धचेही वाचण्यास आणि प्रश्न विचारीत राहण्यास सांगतात. बोलण्याच्या अधिकाराकडून ऐकणाऱ्याच्या कर्तव्याकडे झालेला हा प्रवास स्वागतार्ह आहे, पण तो सर्व भार एकट्या वाचकावर टाकतो. राईनपाड्याच्या बाजारात जमलेल्या माणसांना माध्यमसाक्षरतेचे धडे कोणी दिले होते?

हा प्रश्न अखेर शिक्षणसंस्थांच्या दारात येऊन थांबतो. विद्यार्थ्याने प्रकल्पात आंतरजालावरील मजकूर उतरविला की त्याला संदर्भ देण्यास सांगितले जाते. तो संदर्भ उघडून पाहण्याची, मजकुराचा कर्ता कोण, त्याने आधार कोणता दिला आणि चूक असल्यास दाद कोठे मागायची हे विचारण्याची सवय मात्र क्वचितच लावली जाते. या तीन प्रश्नांसाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. कोणत्याही विषयाच्या तासाला ते विचारता येतात, आणि ज्या संस्थेच्या जाहिरातीवर विसंबून विद्यार्थी प्रवेश घेतो त्या संस्थेलाही ते लागू पडतात. संपादकाने एकेकाळी समाजाच्या वतीने जे काम केले, त्यातील काही भाग आता प्रत्येक सुशिक्षित माणसाला करावा लागणार आहे. ते काम त्याला शिकविले जाते की नाही, यावर गिल्मोर यांच्या स्वप्नाचे पुढील भवितव्य अवलंबून राहील.